पात्याचे दात मोजता आले तेव्हा

पाचोडला मामाच्या शेडमध्ये एक स्क्रोल सॉ आहे. देवघराच्या जाळ्या कापायची मशीन. बारीक उभं पातं शिलाई मशीनच्या सुईसारखं वरखाली होतं आणि फळी आपण हातांनी फिरवायची. डोक्यावर जुनी चोकवाली ट्यूब. मागच्या दिवाळीत मी बाजूला उभा होतो. शेजारी रंधा मशीन घोंघावत होती, त्यामुळे आवाजावरून काही कळेना. आणि अचानक पात्याचे दात मला स्वच्छ दिसले, मोजता येतील असे! वाटलं, थांबली. भुसा झटकायला बोट पुढे केलं...

"आरं, चालू हाय ती!"

बोट वाचलं. पण डोक्यात किडा शिरला.

हिशोब सोपा आहे. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे चोकवाली ट्यूब सेकंदाला 100 वेळा लुकलुकते. पातं मिनिटाला 1500 वेळा, म्हणजे सेकंदाला 25 वेळा वरखाली झालं, की प्रत्येक फेरीत उजेडाचे बरोबर चार ठोके त्याच त्याच जागी पडतात. दात थिजल्यासारखे दिसतात. (आमच्या धंद्यात याला चुकीचं सॅम्पलिंग म्हणतात आणि फार तर बग निघतो. इथे बोट जातं.) 1832 साली बेल्जियमच्या प्लॅटोने आणि ऑस्ट्रियाच्या स्टॅम्पफरने डोळ्यांचा हाच घोटाळा वापरून फिरत्या चकतीवरची चित्रं हलती केली होती. तेव्हा ते खेळणं होतं.

त्याआधी कारागिरांची अडचण वेगळीच होती. उजेडच कमी! रॉबर्ट हूकने 1665 च्या 'मायक्रोग्राफिया'त दिव्यापुढे पाण्याने भरलेला काचेचा गोळा ठेवून उजेड एका जागी गोळा करायची युक्ती दिली आहे. युरोपात लेस विणणाऱ्या बायका मेणबत्तीपुढे असेच गोळे ठेवायच्या. आपल्या अजिंठ्याला गाईड लोक पत्र्यावर ऊन घेऊन लेण्यात फेकून दाखवायचे. चित्रकारांनीही असंच केलं असं सांगतात, पुरावा मात्र नाही. 1895 पासून इंग्लंडमध्ये 'हॉबीज' साप्ताहिकाने घरोघरी जाळीकामाचं वेड पसरवलं, तेव्हाच्या पायाने चालवायच्या करवतींनाही उजेड कंदिलाचा नाहीतर खिडकीचा. तो मंद असेल, पण फसवा नव्हता.

फसवणूक ट्यूबने आणली. 1938 मध्ये ती अमेरिकेत बाजारात आली, कमी विजेत भरपूर उजेड, कारखाने खूश. मग यंत्रं 'थांबलेली' दिसू लागली. उपाय निघाले: शेजारशेजारच्या ट्यूब वेगवेगळ्या फेजवर जोडायच्या, किंवा लेथवर साधा पिवळा बल्ब लावायचा. बल्बची तार तापलेली असते, ती इतक्या पटकन विझत नाही. आपल्या 1948 च्या कारखाने कायद्याच्या 17 व्या कलमात पुरेसा उजेड हवा, डोळे दिपू नयेत आणि अपघात होईल अशा सावल्या पडू नयेत, असं लिहिलं होतं. पण मामा आणि त्याचा एक पोरगा, एवढ्या शेडला कारखाना कोण म्हणणार?

एलईडी लावली की सुटलो, असंही नाही. स्वस्तातल्या कित्येक एलईडी ट्यूबपेक्षा जास्त लुकलुकतात. मोबाइलचा कॅमेरा समोर धरला आणि पट्टे सरकताना दिसले, तर तो दिवा मशीनवर नको.

आम्ही ट्यूब तशीच ठेवली. पात्याच्या डाव्या अंगाला, फळीपासून वीतभर उंचीवर, चांगल्या ड्रायव्हरचा छोटा दिवा तिरपा बसवला. तिरप्या उजेडात पेन्सिलची रेघ उठून दिसते आणि पातं आता धूसर पट्ट्यासारखं दिसतं, म्हणजे चालू आहे हे कळतं. मामाने दोन दिवस कुरकुर केली, तिसऱ्या दिवशी रंधा मशीनसाठी तसलाच दुसरा मागवला.