दोन शिलिंगांची गोष्ट

पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेत पैशाला ‘पेसा’ म्हणतात. हा शब्द आपल्याच पैशावरून तिकडे गेला. मोबाइलवरून पैसे पाठवण्याची केनियातली ‘एम-पेसा’ ही सेवा २००७ साली सुरू झाली, तिच्या नावातही तोच पैसा खणखणतो. याला कारणही तसेच आहे. १९२० पर्यंत केनिया आणि युगांडात हिंदुस्थानचा चांदीचा रुपयाच चालत होता. मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतची रेल्वे बांधायला १८९६ पासून तीस हजारांवर हिंदी मजूर गेले, त्यांच्यामागून दुकानदार गेले. रुपया तर व्यापाऱ्यांबरोबर त्या किनाऱ्यावर आधीच पोचलेला होता.

पहिल्या महायुद्धात चांदी महागली. पौंडाला पंधरा, म्हणजे एक शिलिंग चार पेन्सना मिळणारा रुपया दोन शिलिंगांच्याही वर गेला. विलायतेत पौंडात माल विकायचा आणि इथे मजुरी नि कर्ज रुपयात फेडायचे, यात गोरे मळेवाले हवालदिल झाले. मग १९२० मध्ये दोन शिलिंगांचा फ्लोरिन आला आणि १९२१ मध्ये तोही जाऊन पूर्व आफ्रिकी शिलिंग आला. वीस शिलिंगांचा एक पौंड. नैरोबीत मिळालेली नोट कंपालात बिनबोभाट चाले. दर विचारायचा प्रश्नच नव्हता, कारण नाणे एकच होते.

युगांडा १९६२ मध्ये आणि केनिया १९६३ मध्ये स्वतंत्र झाला. झेंडा आला की आपली मध्यवर्ती बँकही हवी. १९६६ मध्ये दोन्ही देशांनी, आणि शेजारच्या टांझानियानेही, आपापला शिलिंग काढला. नाव तेच ठेवले, किंमतही तीच. १९६७ च्या करारात तर एकमेकांच्या नोटा एकास एक आणि बिनकमिशन बदलून द्यायचे ठरले. त्याच वर्षी ब्रिटनने पौंडाचे अवमूल्यन केले, तेव्हा तिन्ही देश त्याच्यामागे गेले नाहीत. डॉलरला सात शिलिंग चौदा सेंट हा दर तिघांनी राखला. भावकी वेगळी झाली, पण चूल अजून एकच होती म्हणा ना.

१९७१ च्या जानेवारीत इदी अमिनने युगांडाची सत्ता बळकावली. पुढच्याच वर्षी आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला सांगितले. त्यांत गुजराती व्यापारी होते, तसे सरकारी कचेऱ्यांत कारकुनी करणारे गोवेकरही होते. दुकाने बंद पडली, काकिरा आणि लुगाझीचे साखर कारखाने थंडावले, आणि सरकारचा खर्च नोटा छापून भागू लागला. नोटा वाढल्या, साखर-साबण दिसेनासा झाला.

एवढे होऊनही कागदोपत्री दोन्ही शिलिंग सारखेच होते! १९७५ मध्ये तिघांनी आपले चलन नाणेनिधीच्या एककाला जोडले, तेही एकाच दराने. माझ्या मते या कहाणीतला खरा अन्याय इथे आहे. त्याच वर्षी ब्राझीलमध्ये हिमकडा पडून कॉफीचे मळे करपले आणि जगात कॉफीचा भाव भडकला. युगांडाच्या शेतकऱ्याला मात्र कॉफी सरकारी मंडळालाच विकण्याची सक्ती होती. मिळणार ते युगांडाचे शिलिंग, आणि त्यांत विकत घेण्यासारखे बाजारात काही नाही. सरहद्दीपलीकडच्या शिलिंगात मीठ मिळत होते, साबण मिळत होता. साहजिकच पोती डोक्यावरून, गाढवांवरून, सरोवरातल्या होड्यांतून केनियात जाऊ लागली. सरहद्दीवरच्या चेपकुबेला त्या कॉफीचा बाजारच भरला. या धंद्याला स्वाहिलीत ‘मागेंडो’ म्हणतात. अमिनने चोरट्या व्यापाऱ्यांना गोळ्या घालण्याचे हुकूम सोडले. बँकेत एकास एक लिहिलेला दर सांभाळण्यासाठी कॉफीचे पोते वाहणाऱ्याने जीव गमवायचा, असा तो हिशेब होता.

अमिन १९७९ मध्ये पळाला. जून १९८१ मध्ये युगांडाने शिलिंग मोकळा सोडला आणि डॉलरचा दर आठाच्या आसपास होता तो एकदम ७८ वर गेला. एका केनियन शिलिंगाला आता अधिकृतपणेही युगांडाचे आठ-नऊ शिलिंग पडू लागले. पण घसरण थांबली नाही. १९८७ च्या मे महिन्यात मुसेवेनी सरकारने दोन शून्ये खोडली : शंभर जुन्यांचा एक नवा. शिवाय बदलून देताना तीस टक्के कापून घेतले. घरात गाठीला नोटा बांधून ठेवणाऱ्यांवर काय प्रसंग आला असेल! डॉलरला साठ नवे शिलिंग ठरले, केनियाचे तेव्हा सोळाच्या आसपास होते. म्हणजे एका केनियन शिलिंगाला साडेतीन-पावणेचार नवे, किंवा साडेतीनशेहून जास्त जुने.

केनियाचा शिलिंगही काही सोवळा राहिला नाही. १९९३ मध्ये, गोल्डनबर्ग घोटाळ्याच्या काळात, तो धाडकन कोसळला. २०२४ च्या जानेवारीत डॉलरला १६० पर्यंत गेला, तेव्हा त्याच्या बदल्यात युगांडाचे सुमारे २४ मिळत होते. तो सावरला आणि वर्षअखेरीस २८ मिळू लागले. १९६६ च्या शिलिंगात मोजायचे तर ते अठ्ठावीसशे!

पूर्व आफ्रिकेतल्या देशांनी २०१३ मध्ये कंपालात पुन्हा सामाईक चलनाचा करार केला. मुदत होती २०२४ ची, ती आता २०३१ वर गेली आहे. तोवर बुसियाला, जिथे गावाच्या मधूनच सरहद्द जाते, तिथे नोटांच्या थप्प्या घेऊन उभे असलेले दलाल दोन्ही शिलिंग बदलून देतात. दर विचारूनच पुढे जायचे.