रंजक : बंदुकीच्या कानातील शब्द

मनाला रिझविणारे ते रंजक, हा आज सर्वांस ठाऊक असलेला अर्थ. परंतु बेळगाव-निपाणीकडील एखाद्या जुन्या दप्तरात शोरा, गंधक व शिसे यांच्या शेजारी ‘रंजक’ भेटली, तर तिचा मनोरंजनाशी काडीचाही संबंध नाही असे समजावे. हा शब्द निराळाच. तो संस्कृत विशेषण नसून हिंदुस्थानीतून मराठीत आलेले नाम होय. तोफेच्या किंवा बंदुकीच्या कानावर ठेवावयाची बारीक दारू, ती रंजक. हे ध्यानी न घेता मोडी कागद वाचणारा हमखास फसतो.

तोड्याच्या बंदुकीची रचना पाहिली म्हणजे शब्दाचे मर्म कळते. नळीच्या तोंडातून दारू व गोळी घालून ती गजाने ठाशीत. नळीच्या बुडाशी बारीक छिद्र असे. तो बंदुकीचा कान. त्याच्या शेजारच्या वाटीत चिमूटभर रंजक ओतीत. चाप ओढताच जळता तोडा वाटीत टेके, रंजक भडके, आणि ज्वाळा कानातून आत शिरून बार उडे. कान चोंदला, तर वाटीतल्या वाटीत नुसता भपका होई. गोळी जागची हलत नसे आणि शत्रू मात्र समोर उभा! सादळलेली रंजक तर भडकतही नसे. बेळगावच्या पावसात ती कोरडी राखणे किती कठीण, हे येथील वाचकांस सांगावयास नको. दसऱ्यानंतर मोहिमा निघत, त्यास नद्यांचे उतार व वैरण ही कारणे होतीच. दारूचा कोरडेपणाही त्यांतच मोजावा लागेल.

गोवा जवळ असल्याने या प्रांतास बंदुकीची ओळख लवकर झाली. १५१० साली गोवा पोर्तुगीजांकडे गेला आणि १५१३ मध्येच अल्बुकर्कने तेथील कारागिरांच्या बंदुकांची वाखाणणी आपल्या राजाला लिहून कळविली. काडतूस आणि पिस्तूल हे शब्द पोर्तुगीजांचेच देणे.

एप्रिल १८१८ मध्ये बेळगावचा किल्ला मन्रोच्या हाती आला, तेव्हाही तोफांना रंजक लागतच होती. पुढे आघाताने पेटणारी टोपी आली. तिचे मूळ फॉर्साइथ या स्कॉटिश पाद्र्याच्या १८०७ च्या शोधात आहे. वाटी गेली, तोडा गेला, आणि शब्दही मागे पडला. कृती तेवढी देवळाच्या उत्सवात उरली. उखळी बार काढणारा आजही छिद्राशी दारू भुरभुरतो आणि लांब काठीने बत्ती देऊन मागे सरतो.