आगार आणि आरा

आलापल्लीच्या सागवानाची कीर्ती ज्यांनी दुरूनच ऐकली, त्यांस त्या कीर्तीमागील विलंबाची कल्पना क्वचितच असते. कुपात, म्हणजे तोडीसाठी आखलेल्या वनखंडात, तोडलेला ओंडका हातोड्याची सरकारी खूण अंगावर घेऊन बैलगाडीने आगारात यावा, थप्पीत पडून राहावा, आणि लिलाव होऊन वाहतुकीचा परवाना सुटला म्हणजे बल्लारपूरच्या रेल्वेकडे मार्गस्थ व्हावा, असा तो जुना क्रम होता. आरागिरणीचे पाते कितीही तीक्ष्ण असले तरी ओंडका येईपर्यंत ते रिकामेच. शिवाय पात्यापुढील अंगण अरुंद असल्यास एक ओंडका मागे नेल्यावाचून दुसरा पुढे घेता येत नाही, ही निराळी पंचाईत.

आज त्याच गावात दाखल्यांचे अर्ज भरणारा लॅपटॉप ‘हँग’ झाला म्हणजे लोक प्रोसेसरच्या, म्हणजे पात्याच्या, नावाने बोटे मोडतात. माझ्या मते ही फिर्याद बहुधा भलत्याच खात्याकडे गुदरलेली असते. दोष असतो तो आगाराचा, म्हणजे हार्ड डिस्कचा, नाहीतर अंगणाचा, म्हणजे रॅमचा.

आधी आगाराचे पाहू. १९५६ च्या सप्टेंबरात, आलापल्लीचा तत्कालीन चांदा जिल्हा मध्य प्रदेशातून द्वैभाषिक मुंबई राज्यात दाखल होण्यापूर्वी अवघे काही आठवडे, आयबीएमने हार्ड डिस्क असलेले रॅमॅक नावाचे यंत्र जाहीर केले. चोवीस इंच व्यासाच्या पन्नास चकत्यांवर त्यात पन्नास लाख अक्षरे मावत, आणि हवी ती नोंद गाठण्यास सरासरी सहा दशांश सेकंद लागे. पुढे चकत्या आक्रसत गेल्या. १९८८ च्या सुमारास अडीच इंची डिस्क आली आणि मांडीवरच्या संगणकात सहज मावली. परंतु चकती मिनिटास ५,४०० फेरे घेत असली तरी एका फेऱ्यास अकरा मिलिसेकंद लागतातच, आणि वाचणारे टोक योग्य कड्यावर सरकेपर्यंत तितकाच काळ आणखी जातो. रॅममधील मजकूर मात्र सेकंदाच्या एक कोटीव्या भागात हाती येतो. अंतर लाखपटीहून अधिक!

अंगणाच्या अरुंदपणावर मँचेस्टरच्या अ‍ॅटलस संगणकाने १९६२ साली तोड काढली. मुख्य स्मृती अपुरी पडली की तीतील मजकूर फिरत्या ढोलावर ठेवायचा व गरजेनुसार परत आणायचा. युक्ती नामी खरी, आणि विंडोज आजही तीच वापरते. पण चार जीबी रॅमवर ब्राउझरची वीस पाने उघडली म्हणजे संगणकाचा सारा वेळ या ने-आणीतच जातो, टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा आकडा शंभर टक्क्यांवर ठाण मांडतो आणि प्रोसेसर जवळजवळ निष्क्रिय दिसतो. फिरत्या डिस्कच्या काळी विक्रेते ‘एक टीबी’ची जाहिरात मोठ्या अक्षरांत करीत, आगार विस्तीर्ण झाल्याने गाडीचे बैल काही जलद चालत नाहीत, हे सांगण्याचे त्यांस प्रयोजन नव्हते.

तोशिबातील फुजिओ मासुओका यांच्या फ्लॅश स्मृतीतून पुढे एसएसडी उदयास आली. तीत फिरणारे काहीच नसल्याने नोंद मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास मिळते. म्हणून जुन्या लॅपटॉपची डिस्क बदलताच तो नव्याने जन्मल्यासारखा वागू लागतो. रॅमचे तसे नाही. चाराची आठ केल्यास उपयोग स्पष्ट दिसतो, पण अर्ज टंकणाऱ्याने सोळाची बत्तीस करणे हा निव्वळ अपव्यय होय. शिवाय भामरागडच्या वाटेवर जीपमधून आदळत जाणाऱ्या यंत्रास फिरत्या चकतीचे भय नसणे, हा एसएसडीचा लाभ वेगापेक्षा कमी मोलाचा नाही.