दुसऱ्या पसंतीचे मत

देऊळगाव राजाच्या मतदाराला राष्ट्रपतिपदाची मतपत्रिका कधी मिळत नाही. सिंदखेड राजा मतदारसंघातून त्याने धाडलेला आमदार ती भरतो. अमेरिकेत असे निर्वाचक कसे नेमावेत, त्यांनी शब्द पाळलाच पाहिजे काय, हे ज्या त्या राज्याचा कायदा ठरवितो. आपल्याकडे राज्याला यात काडीचा अधिकार नाही. सारे राज्यघटनेच्या आणि संसदेच्या १९५२ च्या कायद्याच्या हाती. मत गुप्त, पक्षादेशाचे बंधन नाही. महाराष्ट्राच्या आमदाराच्या मताचे मूल्य १७५, तेही १९७१ च्या खानेसुमारीवरून!

या मोकळिकीची कसोटी लागली ती ऑगस्ट १९६९ मध्ये. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार संजीव रेड्डी. पण इंदिराबाईंनी विवेकबुद्धीला स्मरून मत देण्याची हाक दिली आणि वारे व्ही. व्ही. गिरींकडे फिरले. तिसरे आपले चिंतामणराव देशमुख, १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडणारे. पहिल्या मोजणीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८, देशमुखांना १,१२,७६९. विजयाला हवी होती ४,१८,१६९! मग मागे पडलेल्यांच्या मतपत्रिकांवरील दुसरी पसंती मोजली. देशमुखांची बहुतेक मते रेड्डींकडे वळली, तरी ते ४,०५,४२७ वर अडले. गिरी ४,२०,०७७ वर पोचले. देशमुखांसारखा माणूस मागे पडला, याची हळहळ मात्र मराठी मनाला वाटतेच.

पुढे २००७ मध्ये शिवसेनेने आपल्या आघाडीचे शेखावत बाजूला सारून प्रतिभाताई पाटलांना मते दिली. कायद्याने त्यांना कोणी हटकले नाही.