वांग, गोंदण आणि लेसर

चेहऱ्यावरचे वांग लेसरने काढून आलेल्या कुणालाही "दुखलं का हो?" असं विचारा. रबरबँड ताणून कातडीवर सोडल्यासारखं लागतं, हे उत्तर ठरलेलं. आणि पाठोपाठ, "पण एवढं सोसायलाच हवं ना!" या 'सोसायलाच हवं'ची मला धास्ती वाटते. त्यासाठी जरा इतिहास बघू.

थिओडोर मेमन यांनी १६ मे १९६० रोजी कॅलिफोर्नियात माणकाच्या स्फटिकातून पहिला लेसर किरण काढला. काही वर्षांतच सिनसिनाटीचे त्वचारोगतज्ज्ञ लिऑन गोल्डमन यांनी तो माणसाच्या त्वचेवर वापरून पाहिला. कातडीतला गडद रंग हा प्रकाश जास्त शोषतो, हे त्यांना दिसलं. गोंदणावरही त्यांनी प्रयोग केले. आपल्या आज्या-पणज्यांनी गोंदताना सुई सोसली. ते गोंदण काढायचं तर पुन्हा सोसणं आलंच!

सुरुवातीच्या यंत्रांची उष्णता आजूबाजूला पसरून व्रण राहण्याचा धोका असे. १९८३ साली अमेरिकेतल्या अँडरसन आणि पॅरिश या डॉक्टरांनी त्यावर तत्त्व मांडलं. झोत इतका क्षणिक हवा की रंगाचा कण तापावा, पण शेजारी आच पोचण्याआधीच झोत संपावा. आज डागांसाठी वापरतात त्यातल्या अनेक यंत्रांचा झोत सेकंदाच्या अब्जाव्या भागांत मोजतात. तो कण फुटतो, तोच आपल्याला लागणारा चटका.

पण मेख अशी की डागातला रंग आणि आपल्या कातडीचा मूळ रंग एकाच मेलॅनिनचा. प्रकाशाला दोन्ही सारखेच! म्हणून सावळ्या त्वचेला भाजण्याचा आणि नंतर उलट काळे डाग पडण्याचा धोका अधिक. डॉक्टर आजही त्वचेची जी वर्गवारी वापरतात, ती फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ साली केली तेव्हा तिच्यात गोऱ्यांचेच चार वर्ग होते. तपकिरी आणि काळ्या त्वचेचे दोन वर्ग नंतर जोडले गेले. आपण भारतीय बहुतेक चौथ्या-पाचव्या वर्गातले. आपल्यासाठी १०६४ नॅनोमीटरचा लेसर त्यातल्या त्यात सुरक्षित मानतात, कारण तो वरच्या थरातल्या रंगात कमी अडकतो आणि खोल जातो.

वांगाचं तर आणखीच अवघड. लेसरने फिकट झालेले वांग ऊन लागलं की परत येऊ शकतात, क्वचित उष्णतेने वाढतातही.

असो. सांगायचं एवढंच, की रबरबँडसारखा चटका क्षणात विरतो. बधिर करणारं मलम आणि गार हवा यांनी तो आणखी सुसह्य होतो. पण आग होतच राहिली किंवा फोड येतोय असं वाटलं, तर दात आवळून पडून राहू नका. "थांबा, भाजतंय" असं तिथल्या तिथे सांगा. झोताची ताकद कमी करता येते. आधी छोट्या जागेवर चाचणी करून घ्या, असंही हक्काने म्हणा. आपल्या मुलींना 'सोस' म्हणून शिकवलं जातं. या बाबतीत तरी त्यांना बोलायला शिकवू या.