गृहस्थ घरी आहेत का?

घरात बसणाऱ्या पुरुषासाठी मराठी भाषेत शब्दांची मुळीच टंचाई नाही. घरकोंबडा, घरबशा, बाईलबुद्ध्या, आणि आणखी काही, जे या पुस्तकात छापणं बरं दिसणार नाही. कोंबडीला मात्र कुणी ‘घरकोंबडी’ म्हणून हिणवल्याचं ऐकिवात नाही. ती घरात असायचीच, त्यात काय सांगायचं!

या सगळ्या गर्दीत एकच शब्द टोपी घालून, छडी घेऊन मोठ्या रुबाबात चालतो: गृहस्थ. माझं संस्कृत दहावीला सुटलं. पुढचं आयुष्य डेबिट-क्रेडिटमध्ये गेलं. तरीही एवढी फोड मला करता येते. तटस्थ म्हणजे तटावर उभा राहणारा, तसा गृहस्थ म्हणजे घरात राहणारा. आपल्या पूर्वजांनी संसारी पुरुषाला हे नाव विचार करूनच दिलं असणार. पण आज कुणी दारात येऊन ‘गृहस्थ घरी आहेत का?’ असं विचारलं, तर आतून उत्तर येतं, ‘नाहीत, बाहेर गेलेत.’ हा घरात राहणारा इसम बाहेर गेला कधी आणि कशाला, याचा थोडा इतिहास पाहण्यासारखा आहे.

पूर्वी बाप घरीच असे. कुंभाराचं चाक अंगणात, कोष्ट्याचा माग पडवीत, सोनाराची शेगडी ओसरीवर. पोरं त्याच्या पायात घुटमळतच मोठी होत. मला ठाऊक असलेला, पोर सांभाळायला ठेवलेला पहिला मराठी बाप म्हणजे तेरचे गोरोबाकाका. बायको ‘लेकराकडे लक्ष ठेवा’ असं सांगून पाण्याला गेली आणि काका विठ्ठलाच्या भजनात चिखल तुडवत राहिले. पुढे काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे. पांडुरंगाच्या कृपेने लेकरू परत मिळालं, असंही कथा सांगते. ही कथा सातशे वर्षं भक्तीची थोरवी सांगण्यासाठी कीर्तनात रंगते, आणि ते योग्यच आहे. पण कीर्तनाला बसलेल्या बायकांनी तिच्यातून वेगळंच तात्पर्य घरी नेलं: पोर नवऱ्याच्या भरवशावर टाकून पाण्याला जाऊ नये! त्या दिवशी मराठी बापाची जी पत गेली, ती अजून पुरती सुधारलेली नाही. आमच्या भाषेत सांगायचं, तर ते खातं एनपीए झालं.

खरं तर जमेच्या बाजूलाही नोंदी आहेत. पैठणच्या तापलेल्या वाळवंटात रडणारं, त्या काळी अस्पृश्य मानलेल्या घरातलं लेकरू एकनाथांनी कडेवर घेतलं आणि त्याच्या आईकडे पोचवलं. साक्षात विठ्ठल जनाबाईबरोबर जात्यावर बसला. देव दळायला बसला, तर आपले डोळे भरून येतात. जावई बसला, तर मात्र शेजारीपाजारी निरोप जातात.

मग आली कचेरी. तिच्यामागून आली रेल्वे. आमच्या यवतमाळ जिल्ह्याचा कापूस बाहेर न्यायला इंग्रजी कंपनीने मूर्तिजापूरपर्यंत अरुंद रूळ टाकले; तीच आमची शकुंतला. जिनिंगचे भोंगे वाजू लागले, कोर्टकचेऱ्या उघडल्या, आणि कापसाच्या गाठीबरोबर बापही घराबाहेर पडला. दहा ते पाच हे त्याचं नवं गाव. गृहस्थ आता रात्री जेवायला आणि रविवारी पोरांची नखं कापायला तेवढा घरी दिसू लागला.

वर्धा नदी ओलांडली की पलीकडे सेवाग्राम. तिथे १९३६ साली जे गृहस्थ राहायला आले, त्यांनी या बाबतीत आधीच कडेलोट करून ठेवला होता. १९०० साली दक्षिण आफ्रिकेत धाकट्या देवदासाच्या वेळी ना डॉक्टर हाताशी, ना सुईण वेळेवर मिळाली. गांधीजींनी कस्तुरबांचं बाळंतपण स्वतः केलं. घाबरले नाहीत, कारण त्यांनी डॉक्टर त्रिभुवनदासांचं ‘मा-ने शिखामण’ हे गुजराती पुस्तक आधी नीट वाचून ठेवलं होतं. आम्हा बँकवाल्यांना हे लगेच पटतं. सर्क्युलर वाचलेलं असलं की माणूस कुठल्याही काउंटरवर बसू शकतो. पुढे देशाने त्यांच्याकडून चरखा घेतला, खादी घेतली, उपास घेतले. बाळाचं धडं तेवढं आम्ही ऑप्शनला टाकलं.

स्वतंत्र भारतात बापाची कागदोपत्री बाजू भक्कम झाली. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याने ठरवलं की मुलाचा नैसर्गिक पालक म्हणजे बाप, आणि त्याच्यानंतर आई. मात्र पाच वर्षांच्या आतलं मूल साधारणपणे आईच्या ताब्यात असावं. म्हणजे सही बापाची आणि शी-शू आईची! श्रमविभागणीचा इतका स्वच्छ नमुना मला बी. कॉम.च्या अर्थशास्त्रातही सापडला नाही. १९८४ साली लेखिका गीता हरिहरन यांनी आपल्या लहान मुलासाठी रिझर्व्ह बँकेचे वीस हजारांचे रिलीफ बाँड मागितले. पालक म्हणून आईची सही चालेना. नवऱ्याची काही हरकत नव्हती. दोघांनी मिळूनच तसं ठरवलं होतं. तरी बापाची सही हवी, नाही तर पालकत्वाचा दाखला हवा! प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९९९ च्या फेब्रुवारीत निकाल लागला की ‘त्याच्यानंतर’ याचा अर्थ ‘तो मेल्यानंतर’ असाच घ्यायला नको. तो लक्ष घालत नसेल, दूर असेल, तरी आई पालक होऊ शकते. आईला सही मिळाली, फार चांगलं झालं. पण बापाला लंगोट देण्याबद्दलचा खटला अजून कुणी दाखल केलेला नाही.

रजेचंही तसंच. केंद्र सरकारी बापाला पंधरा दिवसांची पितृत्व रजा मिळते. २००८ पासून केंद्रातल्या महिला कर्मचाऱ्यांना मुलांच्या संगोपनासाठी नोकरीभरात ७३० दिवसांची रजा आहे. २०१८ च्या डिसेंबरात ती पुरुषांनाही मिळाली, पण एकल पुरुषांना: अविवाहित, विधुर किंवा घटस्फोटित. घरात बायको असलेल्या पुरुषाला मूल सांभाळायची वेळ येते, ही गोष्ट अजून त्या फाइलपर्यंत पोचायची आहे.

स्वीडनने १९७४ सालीच बाळंतपणाची रजा आईबाप दोघांची करून टाकली. एवढंच नव्हे, तर लेनार्ट डालग्रेन नावाच्या वजन उचलणाऱ्या धिप्पाड पैलवानाच्या हातात तान्हं बाळ देऊन त्याची पोस्टरं लावली. लोकांनी पोस्टरं पाहिली, कौतुक केलं आणि बाप मंडळी ऑफिसला गेली. मग १९९५ साली सरकारने एक महिना फक्त बापासाठी राखून ठेवला: घेतला तर घेतला, नाही तर बुडाला. त्यानंतर मात्र स्वीडिश बाप भराभर घरी बसू लागले. पैलवानाने जे जमलं नाही, ते ‘लॅप्स’ या एका शब्दाने साधलं. नोकरदार माणूस जगभर एकच आहे.

आता हिशेब पाहा. २०१९ साली केंद्राच्या सांख्यिकी कार्यालयाने देशभर लोकांचा दिवस कसा जातो ते मोजलं. बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं. शिवाय असे पुरुष शंभरात सव्वीसच. पण मला त्या चौऱ्याहत्तरांपेक्षा या सव्वीसांची काळजी जास्त वाटते. कारण ते करतात, पण सांगत नाहीत. बाईने कुकर लावला तर चार जणींना तो कितव्या शिट्टीला बिघडला ते सांगते. पुरुष कुकर लावतो आणि खिडकी बंद करतो.

बायकांनी आपल्या सोबतीची सोय शतकानुशतकं करून ठेवली आहे. पाणवठा होता, मंगळागौर होती, डोहाळजेवण आहे, भिशी आहे. पुरुषांना पार आहे, कट्टा आहे, पानठेला आहे. आमच्या विदर्भात तर खर्रा घोटता घोटता सरकारं पाडतात. पण ‘पोर दोन दिवस जेवत नाही, काय करू?’ हे पानठेल्यावर विचारून पाहा. खर्रा घोटणारासुद्धा हात थांबवून तुमच्याकडे बघेल.

ही कोंडी फोडायचे प्रयत्न झालेले आहेत. अमेरिकेत घरी राहून मुलं सांभाळणाऱ्या बापांसाठी १९९४ साली एक लहानसं वार्तापत्र निघालं आणि १९९६ साली शिकागोजवळच्या डेस प्लेन्स गावी, एका कॉलेजात, अशा बापांचं चक्क अधिवेशन भरलं. आपल्याकडे मुंबईत १९९३ साली बायकांवरच्या अत्याचाराविरुद्ध पुरुषांचीच एक संघटना उभी राहिली, ‘मेन अगेन्स्ट व्हायलन्स अँड अब्यूज’. आद्याक्षरं जुळवली की होतो ‘मावा’. ‘पुरुष स्पंदनं’ नावाचा दिवाळी अंकही ती काढते. खर्ऱ्याच्या मुलखात मावा कितपत चालेल ही शंका असली, तरी पुरुषांनी पुरुषांशी घरातलं बोलावं ही गोष्ट त्यांनी सुरू केली.

यवतमाळला संमेलनं नवी नाहीत. १९७३ साली इथे साहित्य संमेलन भरलं, तेव्हा गदिमा अध्यक्ष होते. २०१९ च्या जानेवारीत पुन्हा भरलं, अरुणा ढेरे अध्यक्ष होत्या. त्याचं उद्घाटन केलं आमच्याच जिल्ह्यातल्या वैशाली येडे यांनी. शेतकरी नवऱ्याने आत्महत्या केल्यावर लेकरं एकटीने वाढवणारी ही बाई व्यासपीठावर उभी राहिली, तेव्हा मोठमोठे साहित्यिक गप्प झाले. या जिल्ह्यात असे किती बाप गेले! कर्ज होतं, नापिकी होती, भाव नव्हता, हे सगळं खरं. आणि त्यातल्या कितीतरी जणांनी मनातलं कुणालाच सांगितलं नव्हतं, हेही खरं. इथल्या पुरुषाला कापसाच्या भावावर दोन तास बोलता येतं. स्वतःच्या घरावर दोन मिनिटं बोलायचं म्हटलं, तर घसा कोरडा पडतो. म्हणून आमच्या आर्णी रोडच्या बाजूच्या वस्तीत जे घडलं, ते मला त्या दोन्ही संमेलनांच्या पंक्तीला बसवावंसं वाटतं.

आमच्या गल्लीत एक तरुण राहतो. बायको सरकारी दवाखान्यात परिचारिका, पाळ्यांची ड्यूटी. घरात वडीलधारं कुणी नाही आणि रात्रपाळीचं पाळणाघर इथे कुठून असणार? दोघांचे पगार समोरासमोर मांडले, त्याचा लहान निघाला, त्याने नोकरी सोडली. साधा हिशेब, कुठल्याही ऑडिटरने पास केला असता. पण पोरगी चार वर्षांची होईपर्यंत, कुणी ‘काय करता?’ विचारलं की तो ‘बिझनेस’ म्हणायचा. कसला, असं कुणी विचारू नये म्हणून लगेच पुढे चालू लागायचा.

संक्रांतीनंतर देवळाच्या सभागृहात वस्तीचं हळदीकुंकू होतं. आता तिथे सगळ्याच बायांना बोलावतात. कुणाचा नवरा आहे आणि कुणाचा नाही, हे पाहत नाहीत. बाया आत, आणि पोरं व चपला सांभाळायला आम्ही बाप बाहेर ओट्यावर. आम्ही सहा जण होतो. पहिली पंधरा मिनिटं रीतीप्रमाणे कापसाला दिली, दहा मिनिटं थंडीला. मग एक शेतकरी, ज्याची बायको शिक्षिका आहे, मांडीवरचं पोर थोपटत एकदम म्हणाला, “राजेहो, एक इचारू का? हसू नका. माह्या पोराले वरण-भात जातच नाई. तोंडातून भाईर काहाडते. का करू?”

कुणी हसलं नाही. सगळे गप्प बसले, म्हणजे कुणाला तरी उत्तर येत होतं.

“पातळ करून पाहा,” आमचा तो ‘बिझनेस’वाला हळूच म्हणाला. “तांदूळ आणि मुगाची डाळ आधी धुऊन वाळवायची, भाजायची, मग रवाळ दळायची. त्याचं खिमट करायचं, वरून तूप. आणि भरवताना आपण घाई करायची नाही. त्यांना कळते.”

“तुमाले कसं माहीत?”

तो जरा थांबला. मग म्हणाला, “मी घरीच असतो. चार वर्षं झाली.”

त्यावर पाच जणांनी पाच प्रश्न विचारले, आणि एकही ‘काहून?’ असा नव्हता. दात येताना जुलाब होतात का? ताप किती चढला की दवाखाना गाठायचा? मुलीची वेणी सुटू नये म्हणून काय करता? एका निवृत्त मास्तरांनी, नातवाला सांभाळत, पस्तीस वर्षांपूर्वी आपण चोरून लंगोट धूत होतो हे सांगून टाकलं. पहाटे चारला धुवायचे, म्हणाले, म्हणजे वाड्यात कुणी बघायचं नाही. ते बोलताना त्यांचा आवाज थोडा हलला. तो तरुण चपलांच्या ढिगाकडे बघत होता, पण त्याचा चेहरा मी पाहिला. हिशेबातली फार दिवसांची तफावत एकदाची सापडली की असा चेहरा होतो.

बाया वाण घेऊन बाहेर आल्या आणि निघायची घाई करू लागल्या. तेव्हा इतिहासात बहुधा पहिल्यांदाच, सहा नवऱ्यांनी सहा बायकांना एका सुरात सांगितलं, “थांबा ना दहा मिनिटं!”

तेव्हापासून शनिवारी संध्याकाळी आमचा ओटा भरतो. अध्यक्ष नाही, उद्घाटक नाही, वर्गणी नाही. अध्यक्ष निवडला की दुसऱ्या दिवशी दोन ओटे होतात, हे आम्ही मराठी माणसं जाणून आहोत. मास्तर शेंगदाण्याचे लाडू आणतात, स्वतः केलेले. ते दगडासारखे होतात, पण त्यावर चर्चा मोकळेपणाने होते.

गेल्या शनिवारी एक नवा माणूस पोराला खांद्यावर टाकून रस्त्यापलीकडे बराच वेळ उभा होता. शेवटी तिथूनच त्याने विचारलं, “भाऊ, इथं राजकारण चालते का?”

“नाही,” मी म्हटलं.

“मंग काय चालते?”

“खिमट.”

तो रस्ता ओलांडून येऊन बसला.