पाहुणेक्षमता (पर्यटक भाडेघर)

पर्यटकांना काही दिवसांसाठी भाड्याने दिल्या जाणाऱ्या घरात एका वेळी जास्तीत जास्त किती जणांनी राहावे, ही मर्यादा म्हणजे त्या घराची पाहुणेक्षमता होय. ती बहुधा खाटांवरून ठरवली जाते. दिवाणखान्यात सोफा-कम-बेड टाकला की दोन पाहुणे वाढतात; परंतु बैठकीची जागा रात्री नाहीशी होते आणि न्हाणीघर, स्वयंपाकघर व पाण्याची टाकी पूर्वीएवढीच राहते. त्यामुळे केवळ खाटांची मोजणी फसवी ठरते.

भारतात केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या ‘अतुल्य भारत निवास व न्याहरी’ योजनेत एका घरातील १ ते ६ खोल्या, म्हणजे जास्तीत जास्त १२ खाटा, पर्यटकांना देता येतात. मालकाचे कुटुंब त्याच घरात राहत असणे आवश्यक असते.

न्यूयॉर्क शहराचे नियम याहून कठोर आहेत. यजमानांना नोंदणी सक्तीची करणाऱ्या स्थानिक कायदा क्र. १८ ची अंमलबजावणी सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. ३० दिवसांपेक्षा कमी मुक्कामात यजमानाने घरात राहावे लागते व पैसे देणारे पाहुणे दोनच ठेवता येतात. आतील दारांना कुलूप लावून घराचा कोणताही भाग त्यांच्यासाठी बंद करता येत नाही, कारण आग लागल्यास बाहेर पडण्याच्या वाटा सर्वांना मोकळ्या असाव्या लागतात. घर कितीही मोठे असले तरी मर्यादा तीच. चौघांच्या कुटुंबाची त्यामुळे अडचण होते.

एअरबीएनबी या संकेतस्थळाने ऑगस्ट २०२० मध्ये मेजवान्यांवर बंदी घालताना १६ व्यक्तींची कमाल मर्यादा घातली होती. जून २०२२ मध्ये बंदी कायमची झाली; मर्यादा मात्र मोठ्या घरांसाठी उठवण्यात आली.